बॅजरचा ब्रश आणि कोकणातला पावसाळा

मुरुडच्या एका निवृत्त शिक्षकांना परदेशातल्या मुलाने दाढीचा ब्रश भेट पाठवला. दांड्यावर ‘सिल्व्हरटिप बॅजर’ असे कोरलेले, किंमत काही हजारांत. जुलैच्या मध्यावर त्या पांढऱ्याशुभ्र केसांच्या बुडाशी काळे ठिपके दिसू लागले, कुबट वास येऊ लागला आणि गुरुजींच्या हनुवटीवर बारीक पुळ्या उठल्या. ‘एवढा भारी ब्रश, मग असं कसं?’ असा त्यांचा प्रश्न होता.

आधी ‘भारी’ म्हणजे काय ते पाहू. बॅजर हा बिळात राहणारा निशाचर प्राणी. ब्रशसाठी त्याचे केस मुख्यतः चीनमधून येतात. केस बुडाशी फिकट, मध्ये काळा आणि टोकाला पुन्हा फिकट असतो. ‘प्युअर’ ही सर्वांत स्वस्त प्रत. तिचे केस गडद, जाडसर आणि गालाला किंचित टोचणारे. ‘बेस्ट’चे केस त्याहून बारीक. ‘सुपर’ आणि ‘सिल्व्हरटिप’ यांची टोके पांढरी आणि मऊ, म्हणून ते महाग. मात्र या नावांना कोणतेही सर्वमान्य मानक नाही. एका कंपनीचा ‘सुपर’ दुसरीकडे ‘बेस्ट’ म्हणून विकला जाऊ शकतो. शिवाय ही प्रतवारी केसांचा मऊपणा आणि रंग सांगते, स्वच्छता नव्हे.

ब्रशचे काम साधे आहे: पाणी धरून ठेवायचे, साबणाचा फेस करायचा आणि दाढीचे खुंट भिजवायचे. आपला केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. तो स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी शोषतो आणि दोन-तीन मिनिटांत मऊ पडतो. मग पाते अलगद फिरते. बॅजरचा केसही केराटिनचाच, त्यामुळे तोही पाणी पितो. डुकराच्या केसांचे तसेच, फक्त ते राठ असतात आणि वापरता वापरता टोकाला फाटून मऊ होतात. नायलॉनसारखे कृत्रिम तंतू आत फारसे पाणी घेत नाहीत. पाणी तंतूंच्या मधल्या फटींत राहते आणि झटकले की निघून जाते.

किनाऱ्यावर नेमका इथेच फरक पडतो. पावसाळ्यात अलिबाग-मुरुडकडे हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस 80 टक्क्यांच्या वर असते. जितका ब्रश दाट आणि पाणी धरणारा, तितका तो उशिरा वाळतो. त्यात विहिरीचे पाणी जड असेल तर साबणाचा चोथा केसांच्या मुळाशी साचतो. ओल, चोथा आणि न्हाणीघरातला अंधार मिळाला की बुरशीला आणखी काही लागत नाही. गुरुजींच्या ब्रशचा भारीपणाच त्याच्या मुळावर आला होता.

प्रतीच्या नावावर विसंबणे एकेकाळी जिवावरही बेतले आहे. पहिल्या महायुद्धात चांगल्या बॅजर केसांचा पुरवठा तुटला. तेव्हा आयात केलेले घोड्याचे स्वस्त केस बॅजरसारखे दिसतील असे रंगवून ब्रश बनवले गेले. त्यांतले काही नीट निर्जंतुक केलेले नव्हते. इंग्लंड-अमेरिकेत सैनिक आणि नागरिकांच्या चेहऱ्यांवर, मानेवर काळपुळी, म्हणजेच अँथ्रॅक्स, उठू लागली. दोनशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी आहेत. या जिवाणूंचे बीजाणू वर्षानुवर्षे तग धरतात. आज केसांवर प्रक्रिया होते, त्यामुळे नव्या ब्रशपासून ही भीती जवळपास नाही. पण माळ्यावरच्या पेटीत सापडलेला 1930 पूर्वीचा ब्रश आठवण म्हणून जपावा, गालाला लावू नये.

आजचा धोका आहे तो सामायिक ब्रशचा. सलूनमध्ये सुलटा हात झाला की पुन्हा साबण लावून उलटा हात मारतात. तोवर त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडलेले असतात. तोच ब्रश पुढच्या गिऱ्हाइकाच्या गालावर गेला, तर स्टॅफिलोकॉकस जिवाणू, दाढीतला नायटा, चामखीळ यांचा प्रवास सोपा होतो. रक्त लागले असेल तर हेपटायटिस बीचाही विचार करावा लागतो. हा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकतो. नवे ब्लेड लावले का, हे आपण आवर्जून पाहतो. ब्रशबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

आणखी एक बाजू आहे. मऊ केसांसाठी प्राणी मारला जातो. आपल्याकडचे चांदी अस्वल, म्हणजे हनी बॅजर, हे बॅजरच्याच कुळातले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. चित्रकारांच्या ब्रशसाठी मुंगसांची शिकार होत असे. मुंगसाच्या केसांचा व्यापारही याच कायद्याने गुन्हा ठरतो.

मग करायचे काय? किनाऱ्यावर राहणाऱ्यांना साधा कृत्रिम तंतूंचा ब्रश अधिक सोयीचा. कोणताही असो, दाढीनंतर केसांच्या मुळापर्यंत धुवावा, झटकावा आणि न्हाणीघराबाहेर वाऱ्यावर टांगावा. ओला ब्रश डबीत कोंडू नये. प्राण्यांच्या केसांचा ब्रश उकळू नये. केस खराब होतात, डिंक सुटतो. बुरशी बुडापर्यंत गेली असेल तर टाकून द्यावा. सलूनला जाताना आपला ब्रश सोबत न्यावा किंवा ट्यूबमधले क्रीम बोटांनी लावायला सांगावे. पुळ्या पिकल्या, पसरल्या किंवा आठवड्यात बसल्या नाहीत तर डॉक्टरांना दाखवाव्यात.

गुरुजींनी मुलाची भेट धुऊन-पुसून कपाटात ठेवली आहे. रोजच्या दाढीला बाजारातला नायलॉनचा ब्रश आणलाय. तो खिडकीच्या गजाला टांगलेला असतो आणि सकाळपर्यंत कोरडा होतो.