आधी अंडी मोजा, मग कोंबड्या घ्या

उलव्याची भातखाचरे नवी मुंबईत आणि विमानतळात गेली. उलवे, कोंबडभुजे ही जुनी गावेही उठली. ज्यांच्या घरामागे अजून परसाचा तुकडा आहे, त्यांनी तो हिशेबानेच वापरावा. स्वस्त मिळाली म्हणून २५ पिल्ले आणाल, तर दाण्याचा खर्च अंड्यांहून वर जाईल.

घरात ५ माणसे, एक दिवसाआड माणशी एक अंडे, म्हणजे वर्षाला सुमारे ९०० अंडी झाली. गावठी कोंबडी वर्षात ६०-७० अंडी घालते. तशा १४-१५ लागतील. गिरिराजा किंवा वनराजा चांगल्या निगेत सव्वाशेच्या आसपास घालते; अशा ८ पुरेत. पिल्ले उबवायची असतील तरच कोंबडा आणि खुडूक बसणारी एखादी गावठी ठेवा. नुसती खायला अंडी हवीत, तर कोंबड्यावाचून अडत नाही.

कोंडा, उरलेला भात, भाजीचा पाला घाला. खाडीकाठच्या शिंपल्यांचा चुरा दिला की कवच टणक होते. मानमोडीची लस मात्र चुकवू नका, नाहीतर आठवड्यात खुराडे रिकामे होईल. दुसऱ्या वर्षानंतर अंडी घटतात. म्हणून दरसाल निम्म्या कोंबड्या बदला. मग मुलांच्या ताटातले अंडे चुकणार नाही.