कोबी कुणाला कडू लागतो?

घरात चार माणसं असली की भाजीच्या चार तऱ्हा होतात, हा आपला सगळ्यांचा अनुभव. कोबीची भाजी एकाला गोडसर लागते, तर दुसरा पहिल्याच घासाला तोंड वाकडं करतो. मग ठरलेली वाक्यं सुरू होतात. ‘लाडावून ठेवलंय पोराला.’ ‘आमच्या वेळी पानात पडेल ते खावं लागे.’ आणि शेवटी सगळं येऊन थांबतं ते रांधणारीवर: ‘तुझ्या हाताला चवच नाही!’ पण मैत्रिणींनो, पानावर बसलेल्या चौघांच्या जिभाच मुळात एकसारख्या नसल्या तर?

तशा त्या नसतातच. हे कळलं ते एका अपघातानं. १९३१ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ काम करत होते. हातातल्या रसायनाची पूड थोडी हवेत उडाली आणि शेजारचा सहकारी ‘काय कडू आहे हो हे!’ म्हणून कुरकुरला. फॉक्सना मात्र काहीच लागलं नव्हतं. त्यांनी चाखून पाहिलं, तरी चव नाही. या रसायनाचं लांबलचक नाव बाजूला ठेवू. त्याला थोडक्यात पीटीसी म्हणतात. पुढे अनेक देशांत लोकांच्या जिभेवर ते ठेवून पाहिलं. सर्वसाधारणपणे बहुतेकांना ते कडू लागतं आणि काही जणांना काहीच लागत नाही.

यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे, बरं का. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे कर्करोग-संशोधन केंद्र आहे. तिथल्या एका इमारतीचं नाव आहे ‘खानोलकर शोधिका’. हे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकरांचं (१८९५–१९७८). परळला टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या. १९५२ साली तिथेच सुरू झालेलं कर्करोग-संशोधन केंद्र पुढे वाढत वाढत खारघरला आलं. याच खानोलकरांनी डॉ. एल. डी. संघवी यांच्याबरोबर मुंबईतल्या, आपापसातच लग्नं करणाऱ्या सहा जातिसमूहांची पाहणी केली. ती १९४९-५० च्या सुमारास प्रसिद्ध झाली. रक्तगटांसारख्या आनुवंशिक गुणांबरोबर त्यात पीटीसीची चवही तपासली होती. असे अभ्यास पुढे पुष्कळ झाले. प्रमाण समाजागणिक बरंच बदलतं, पण कडू लागणारे आणि न लागणारे जवळजवळ सगळ्या समाजांत सापडतात. एका जातीत सापडतात, एका घरातही सापडतात.

एका घरात कसे, ते पाहू. शरीराच्या पेशीपेशीत जनुकं असतात आणि बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात: एक आईकडची, एक वडिलांकडची. पीटीसीची चव ज्यावर मुख्यतः अवलंबून आहे ते जनुक २००३ साली नेमकं सापडलं. त्याची एक तरी चांगली प्रत असेल तर बहुधा कडू लागतं. दोन्ही प्रती ‘मुक्या’ असतील तर बहुधा लागत नाही. म्हणून आईवडील दोघांना कडू लागत असूनही मुलाला न लागण्याची शक्यता असते. एकाच आईची दोन मुलं एकाच ताटात जेवायला बसतात, पण त्यांच्या तोंडात दोन वेगळ्या भाज्या असतात. तेव्हा ‘आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

ही गोष्ट आपल्या माणसांपुरतीच नाही. १९३९ साली रोनाल्ड फिशर, ई. बी. फोर्ड आणि ज्युलियन हक्सली या तीन नामवंत ब्रिटिश शास्त्रज्ञांना प्रश्न पडला, की चिंपांझींचं काय? ते सरळ प्राणिसंग्रहालयात गेले आणि त्यांनी चिंपांझींना पीटीसी मिसळलेलं पेय दिलं. बहुतेकांना ते कडू लागलं, काहींना मात्र त्याचं काहीच वाटलं नाही. थोडक्यात, आपल्या जेवणघरासारखाच प्रकार!

तेव्हा साहजिकच वाटलं, की माणूस आणि चिंपांझी यांचा जो सामाईक पूर्वज साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी होता, त्याच्याकडूनच हा भेद दोघांकडे आला असावा. इथे एक खुलासा करते, कारण दहावीच्या ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या धड्यापाशी मुलं हटकून अडतात. माणूस आजच्या चिंपांझीपासून झालेला नाही. आपण आणि तो चुलत भावंडं. आजोबा एक, घरं दोन. तर, भेद आजोबांकडून आला ही समजूत साठाहून अधिक वर्षं टिकली. २००६ मध्ये स्टीफन वूडिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोघांची जनुकं शेजारी शेजारी ठेवून वाचली, तेव्हा निघालं भलतंच. माणसाच्या ‘मुक्या’ प्रतीत तीन ठिकाणी बदल आहेत. चिंपांझीच्या प्रतीत ‘इथून वाचायला सुरुवात करा’ ही खूणच बिघडलेली आहे. दोन चुलत बहिणींची शिलाई मशिनं बंद पडावीत, पण एकीची सुई मोडलेली असावी आणि दुसरीचा पट्टा तुटलेला, तसंच हे. दिसायला बिघाड एक, घडला मात्र दोन घरांत, दोन वेगळ्या वेळी.

मग आपण आणि चिंपांझी इतके जवळचे, तर इतके वेगळे कसे? १९७५ साली मेरी-क्लेअर किंग आणि अ‍ॅलन विल्सन यांनी दाखवलं, की दोघांची प्रथिनं जवळपास सारखीच आहेत. फरक मुख्यतः जनुकं कुठे, केव्हा आणि किती वापरली जातात यात असला पाहिजे, असं त्यांनी सुचवलं. शास्त्रज्ञ याला जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. आपण त्याला पाककृतींची वही म्हणू. आईची वही दोघी बहिणींकडे सारखीच उतरलेली असते. पण एकीकडे दर आठवड्याला पुरणपोळीचं पान उघडतं, दुसरीकडे ते वर्षातून एकदा, होळीला. वही तीच, पण दोन्ही घरांचा स्वयंपाक वेगळा. शरीरातही असंच आहे. जिभेवरच्या आणि यकृतातल्या पेशीत वही एकच, पण कडू चव ओळखण्याची पानं जिभेवर उघडतात. आपल्याकडे अशी सुमारे २५ पानं आहेत. नाकाची पानं तर सुमारे ४००, आणि चिंपांझीकडेही जवळजवळ तितकीच. उंदराकडे मात्र हजाराच्या वर! नाकातली एकेक पेशी त्यातलं एकच पान निवडते. अशा हजारो पेशी मिळून आपल्याला फोडणी करपल्याची वर्दी देतात.

डोळ्यांचीही हीच कथा. गाईला, कुत्र्याला दोनच प्रकारचे रंग-ग्राहक असतात. माणूस, चिंपांझी आणि आपल्याकडची माकडं यांना तीन. हिरव्या पानांतलं लाल-पिवळं फळ ओळखण्यासाठी तिसरा उपयोगी पडला असावा, असं पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. लाल-हिरव्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि मुलाला एक्स मिळतं ते आईकडूनच. म्हणून मुलगा लाल-हिरवं ओळखण्यात चुकला, की बोट आईकडे वळतं. पण तिला स्वतःला बहुधा सगळे रंग नीट दिसत असतात आणि आपण काय देतो आहोत याची कल्पनाही नसते. आईकडून आलं म्हणजे आईचा दोष, असं नव्हे.

आता पुन्हा आपल्या कोबीकडे येऊ. पीटीसी काही भाजीत नसतं. पण कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरीचा पाला यांत त्याच जातकुळीची द्रव्यं असतात, आणि ती हेच जनुक ओळखतं. (कारल्याची तक्रार वेगळी, तो कडूपणा जिभेवरचे दुसरे ग्राहक टिपतात.) शिवाय जनुकाची एकच चांगली प्रत असलेल्या मुलांना तशाच मोठ्या माणसांपेक्षा कडू जास्त जाणवतं, असंही आढळलं आहे. वनस्पतींतली पुष्कळ विषं कडू असतात, तेव्हा कडू लागताच थुंकणं ही जिभेची जुनी राखणदारी आहे. पोरगं हट्ट करतंय असं आपल्याला वाटतं. त्याची जीभ मात्र आपलं काम करत असते.

म्हणून भाजी सोडून द्यायची का? मुळीच नाही. जनुक चव ठरवतं, सवय नव्हे. पानात एक चमचाच वाढावी, दटावू नये, पण दर आठवड्याला वाढावी. आठ-दहा वेळा समोर आलेला पदार्थ मुलं हळूहळू स्वीकारतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. चिमूटभर मीठ कडूपणा दाबतं, म्हणून कारल्याला मीठ चोळून पिळण्याची आजीची रीत अगदी शास्त्रशुद्ध. गूळ-चिंचही कडू झाकते. कोबी फार वेळ शिजवला की उग्र वास सुटतो. मोठ्या आचेवर झटपट परतावा. आणि ही सवय फार लवकर सुरू होते. आईने खाल्लेल्या लसणीचा वास तिच्या दुधात उतरतो. गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना जिने गाजराचा रस घेतला, तिच्या बाळाने पुढे गाजर अधिक आवडीने खाल्लं, असं २००१ सालच्या अभ्यासात दिसलं. बाळंतिणीला सगळ्या भाज्या बंद करणाऱ्यांना हे जरूर सांगा. पीटीसीची पूड मात्र घरी आणून प्रयोग करू नका, ती जास्त पोटात गेली तर विषारी असते.

पुढच्या वेळी कुणी पान बाजूला सारलं, तर रागावण्याआधी एकदा विचारून पाहा, ‘तुला हे कसं लागतं रे?’ आणि कुणी तुमच्या हाताच्या चवीला नावं ठेवली, तर त्याचीही जीभ तपासून घ्या!