बंद घराची किल्ली

कोकणात कुठल्याही वाडीतून फेरी मारा, चार घरांमागे एक घर तुम्हांला कुलूपबंद दिसेल. खळ्यात गवत माजलेले, पडवीच्या वाशांना वाळवी, कौले सरकलेली. मालक असतो मुंबईला नाही तर पुण्याला. गणपतीला पाच दिवस यायचे, शिमग्याला जमले तर दोन दिवस, आणि उरलेले वर्ष घराने पावसापाण्यात एकट्याने काढायचे. चिरेबंदी घर राबते असले तर शंभर वर्षे टिकते. बंद ठेवलेत तर दहा पावसांत वासे खाली येतात.

अशा घरांतून आता काही ठिकाणी पाहुणे उतरू लागले आहेत. घराची छायाचित्रे, भाडे आणि कोणते दिवस मोकळे आहेत ही माहिती इंटरनेटवरच्या एखाद्या संकेतस्थळावर टाकायची. नागपूरचा किंवा बंगळूरचा माणूस ती पाहून तिथेच पैसे भरतो आणि ठरल्या दिवशी दारात हजर होतो. संकेतस्थळवाले आपली दलाली कापून घेतात आणि बाकी रक्कम मालकाच्या बँकखात्यात जमा करतात.

ही युक्ती काही आजची नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एका गृहस्थाने डोंगरातले आपले घर भाड्याने देण्यासाठी १९९५ साली असे संकेतस्थळ काढले. आज ज्याचे नाव सर्वांच्या तोंडी आहे त्या एअरबीएनबीचा उगम २००७ सालचा. सॅन फ्रान्सिस्कोत दोघा मित्रांना खोलीचे भाडे परवडेना. गावात परिषद भरली होती, हॉटेले भरून गेली होती. त्यांनी हवा भरायच्या तीन गाद्या जमिनीवर अंथरल्या आणि तीन पाहुणे ठेवले, माणशी रात्रीला ८० डॉलर! पुढे न्यूयॉर्कमध्ये घरांना गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा कारण सापडले ते साधेच: छायाचित्रे वाईट होती. ती त्यांनी दारोदार जाऊन स्वतः काढली, आणि धंदा हलला. गुरुजींना मुद्दाम सांगतो, वर्गातल्या मोठ्या मुलांकडून गावातल्या एखाद्या घराची छायाचित्रे सकाळच्या उन्हात काढून घ्या, आणि शंभर शब्दांत त्याचे खरे वर्णन लिहून घ्या. समुद्र अर्धा कोस लांब असेल तर ‘समुद्राकाठी’ लिहू नये, हे शुद्धलेखनाइतकेच महत्त्वाचे.

पण तुम्ही विचाराल, मालक मुंबईला, मग पाहुण्याला दार कोण उघडणार? खरी गोम इथेच आहे. किल्ली, झाडलोट, चादरी, पंप बिघडला तर वायरमन, रात्री साप निघाला तर धावून येणारा कोणी, यांतले काहीही फोनवरून होत नाही. त्याला गावातलाच माणूस हवा. खुद्द एअरबीएनबीने ऑक्टोबर २०२४ मध्ये दहा देशांत, घरमालकांना असे स्थानिक सहकारी शोधून देण्याची सोय सुरू केली. एवढ्या मोठ्या कंपनीलाही शेवटी शेजारी लागलाच.

या माणसाला द्यायचे काय? बहुतेक जण टक्केवारी ठरवतात. हिशोब करून पाहू. मे महिन्यात १० रात्री, रात्रीला ३,००० रुपये, म्हणजे ३०,०००. दलाली शेकडा १५ धरा, ती ४,५०० झाली. राहिले २५,५००. त्यावर शेकडा २० दिले तर व्यवस्थापकाला ५,१०० मिळतात. ठीक आहे. आता जुलै घ्या. दोनच रात्री, ६,००० रुपये, दलाली जाऊन ५,१००, आणि त्याच्या वाट्याला १,०२०. पण गळणारे कौल बघायचे, चादरींचा कुबट वास घालवायचा, दाराशी पडलेली फांदी ओढायची, ही कामे जुलैतच जास्त. म्हणून माझे मत असे, की दरमहा काही ठरीव रक्कम द्यावी आणि वर थोडी टक्केवारी. नुसत्या टक्केवारीवर ठेवलेला माणूस पावसाळ्यात घराकडे फिरकत नाही, आणि दोषही त्याचा नसतो.

आमच्याच घरची गोष्ट. दोन संकेतस्थळांवर घर नोंदवले होते, पण दोन्हींची दिनदर्शिका एकमेकांना जोडायची राहून गेली. नाताळच्या शनिवारी दोन कुटुंबे एकाच वेळी दारात! मी पुण्यात, फोन हातात घेऊन नुसता घामाघूम. घर बघणाऱ्या शेजारच्या वहिनींनी दुसऱ्या कुटुंबाला आपल्या माजघरात घेतले. मी माफी मागू लागलो तर म्हणाल्या, “भावोजी, ते मागाहून बोलू. पोरं उपाशी आहेत, घावणे घालते.” त्या कुटुंबाने पुढे शेरा लिहिला तो घराबद्दल नव्हेच, घावण्यांबद्दल. त्यांच्या माजघराचे भाडे मात्र मला तीनदा विचारून द्यावे लागले.

उतारूंचे शेरे हेच इथे भांडवल असते. ते मिळवते गावातली बाई, आणि नाव होते मालकाचे. पाहुण्याने भरलेली रक्कम आणि कापलेली दलाली तिलाही दिसेल अशी व्यवस्था करा. लपवाछपवीने किती माणसे तुटली ते मी पाहिले आहे.

आता कागदपत्रांचे थोडक्यात. वडिलोपार्जित घर सामाईक असेल तर आधी सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. पहिले भाडे आले की भाऊबंदकी जागी होते. महाराष्ट्रात ‘निवास व न्याहारी’ योजना आहे, तीत नोंद करता येते. गोव्यात १९८२ च्या कायद्याप्रमाणे पर्यटन खात्याकडे नोंदणी सक्तीची आहे. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांत सरकारला ऑनलाइन कळवावे लागते. हे कामही तुमच्या व्यवस्थापकाला शिकवून ठेवा.

राहिले पाण्याचे. एप्रिल-मेमध्ये विहीर तळ गाठते, नेमके तेव्हाच पाहुणे जास्त. विहीर वाडीची सामाईक असेल तर वाडीला विचारल्यावाचून पंप लावू नका. आणि गणपतीचे दिवस दिनदर्शिकेत आधीच बंद करून ठेवा. नाहीतर मखराच्या जागी पाहुण्यांच्या बॅगा दिसायच्या.