शब्दावरची खोली, कागदावरची अमानत

अकलूजमध्ये भाड्याची खोली शोधायची तर पाटी वाचून भागत नाही. चहाच्या टपरीवर, किराणा दुकानात, मेसवाल्या मावशींकडे, नमाजनंतर मशिदीच्या दारात उभ्या असलेल्या चार माणसांत विचारावे लागते, ‘कुठं खोली रिकामी हाय का?’ मग कुणीतरी कुणाचे तरी नाव सांगते. घरमालक गाव विचारतो, नोकरी विचारतो, घरात माणसे किती ते विचारतो. माणूस पटला की भाडे ठरते, अनामत ठरते आणि किल्ली हातात येते. या सगळ्या व्यवहारात कागद मात्र अनेकदा नसतोच.

गाव लहान होते, तोवर हे चालून जात होते. घरमालक आणि भाडेकरू यांच्यात ओळखीचा तिसरा माणूस असायचा. वाद झाला तर तोच मिटवायचा. आता अकलूज तेवढे लहान राहिलेले नाही. मोठी ग्रामपंचायत म्हणून राज्यभर नाव असलेल्या या गावाची २०२१ मध्ये नगरपरिषद झाली. तालुक्याचे ठिकाण माळशिरस असले तरी प्रांत कार्यालय अकलूजला आहे, उपजिल्हा रुग्णालय आहे आणि ‘एमएच ४५’ क्रमांक देणारे परिवहन कार्यालयही इथेच आहे. सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील साखर कारखाना, शिक्षण प्रसारक मंडळाच्या शाळा-महाविद्यालये, अभियांत्रिकी महाविद्यालय, खासगी दवाखाने, बँका, बाजारपेठ या सगळ्यांच्या आधाराने बाहेरगावची माणसे इथे येतात. बदलीवर आलेली परिचारिका, बँकेतला कारकून, दुकानातला कामगार, शेजारच्या तालुक्यातून शिकायला आलेला मुलगा. यांतल्या बहुतेकांना गावात घर नसते आणि लगेच घेण्याची ऐपतही नसते. त्यांचा संसार भाड्याच्या खोलीतच सुरू होतो.

या खोल्यांचेही एक वेळापत्रक असते. जून-जुलैत विद्यार्थी येतात, बदल्यांचे आदेश निघतात आणि खोल्या भरतात. परीक्षा संपल्या की काही रिकाम्या होतात. सध्या रमजान येतो तो नेमका परीक्षांच्या आणि साखर हंगामाच्या शेवटाच्या सुमारास. कुणाची खोली सोडायची वेळ असते, कुणाची नवी शोधायची. त्यामुळे पहाटेच्या सहरीला जागे असलेल्या काही घरांत या दिवसांत एक प्रश्न हमखास निघतो, ‘अनामत परत कधी मिळणार?’

अनामत नेमकी कुणाची?

मराठीतला ‘अनामत’ हा शब्द अरबीतल्या ‘अमानत’वरून आला. अमानत म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू. ती ठेवणाऱ्याची असते, सांभाळणाऱ्याची नसते. व्यवहारात मात्र ही रक्कम हातात पडली की खर्च होते. घराचा गिलावा, मुलीची फी, उसाचे बिल येईपर्यंतची गरज. कारणे खोटी नसतात. पण भाडेकरू निघतो तेव्हा उत्तर मिळते, ‘नवा भाडेकरू आला की त्याच्याकडून घेऊन देतो.’ मग रंगाचे पैसे कापले जातात, नळाच्या तोटीचे कापले जातात, विजेच्या युनिटचा दर पुन्हा नव्याने मोजला जातो. सुरुवातीला काय ठरले होते, ते दोघांच्या आठवणीत वेगवेगळे असते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तीन महिन्यांचे भाडे थकवून रातोरात सामान हलवणारे भाडेकरू असतात. निवृत्तीच्या पैशातून वरचा मजला बांधलेल्या वृद्ध जोडप्याला ते भाडे म्हणजेच औषधाचा खर्च असतो. फसतो तो नेहमी भाडेकरूच, असे नाही. ज्याच्याकडे पुरावा नाही, तो फसतो.

कुरआनातील सर्वांत लांब आयत नमाजबद्दल नाही, रोजाबद्दल नाही. ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. सूरह बकरहमधील ही २८२ वी आयत तरावीहमध्ये संपूर्ण कुरआन ऐकणाऱ्यांच्या कानी रमजानच्या पहिल्या काही रात्रींतच पडते. मुदत ठरलेली असेल तर लिहा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान आहे म्हणून कंटाळा करू नका, असा तिचा आशय. तिच्या अगोदर एकच आयत सोडून अडचणीत सापडलेल्या देणेकऱ्याला सवलत देण्याचा उपदेश येतो. लिहून घेणे आणि दया करणे, या दोन गोष्टी तिथे शेजारी शेजारी आहेत. ‘आपल्यात कागद कशाला, विश्वास नाही का?’ असे म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. कागद केला म्हणजे अविश्वास दाखवला, असे होत नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय नोंदणी नसलेल्या व्यवहारात वाद झाला तर घरमालकाने उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, हा समज जुना आहे. एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची करणाऱ्या १९०८ च्या कायद्यातून तो आला. राज्याच्या कायद्यात ही पळवाट नाही.

खर्चाचे भय वाटते, तेवढा खर्चही नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. मुदतीतले एकूण भाडे आणि अनामतीवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेले व्याज, या बेरजेवर ते लागते. समजा भाडे महिना ५,००० रुपये, अनामत २०,००० आणि मुदत ११ महिने. भाडे झाले ५५,०००, व्याज साधारण १,८३३. पाव टक्क्याने शुल्क आले सुमारे १४२ रुपये. नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५०० आणि नगरपालिका हद्दीत १,००० रुपये. अकलूजचा कारभार नगरपरिषदेकडे गेल्यामुळे इथे दुसरा दर धरावा. दोघांनी निम्मे निम्मे केले तर एका घराच्या ईदच्या शीरखुर्म्याच्या सामानाहून हा भार जास्त होत नाही. नोंदणी ऑनलाइनही होते. आधार, अंगठ्याचा ठसा आणि दोन साक्षीदार लागतात.

घरमालकाच्या मनात आणखी दोन भीती असतात. पहिली, ‘भाडेकरू घर बळकावेल.’ ही पूर्वीच्या भाडे कायद्याच्या काळातली आठवण आहे. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही घर सोडले नाही, तर आता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाईही मिळू शकते. म्हणजे मालकाचे खरे संरक्षण कागदातच आहे. दुसरी भीती कराची. घरभाड्याच्या उत्पन्नातून स्थानिक कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर आयकरात ३० टक्के सरसकट वजावट मिळते. एक-दोन खोल्यांच्या भाड्यावर जगणाऱ्या अनेकांचे उत्पन्न त्यानंतर कराच्या मर्यादेखालीच राहते.

भाडेकरूला तर कागदाशिवाय पावलोपावली अडते. आधारवरचा पत्ता बदलणे, गॅसची जोडणी, नोकरदाराची घरभाडे सवलत. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी निर्वाह योजनांतही भाड्याने राहत असल्याचा पुरावा विचारला जातो. गरिबाच्या मुलाची मदत एका सहीवाचून अडू नये.

नावानंतरचा प्रश्न

कागदावर न येणारी एक अट मात्र राहतेच. खोली रिकामी असते, भाडे परवडते, आणि नाव सांगितल्यावर उत्तर येते, ‘कालच गेली.’ मुस्लिम आणि दलित कुटुंबांना, भटक्या समाजातल्या माणसाला, एकटी राहणाऱ्या नोकरदार बाईला गावोगावी हा अनुभव येतो. मुस्लिम घरमालकांच्या गल्लीतही ‘आपलाच माणूस’ शोधला जातो, हे मान्य करायला हवे. स्वयंपाकात काय शिजते याची चौकशी भाडे वेळेवर येईल का याच्याआधी होते.

अकलूजला हे शोभत नाही. दरवर्षी आषाढीच्या वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात पाऊल ठेवते ते अकलूजमध्येच. रिंगण होते, मुक्काम होतो. त्या रात्री हजारो अनोळखी माणसे गावाच्या ओसरीवर, अंगणात, शाळेत झोपतात. त्यांचे आडनाव कुणी विचारत नाही. एका रात्रीसाठी उघडणारे दार अकरा महिन्यांसाठीही उघडता येईल.

रमजानमध्ये अनेक जण जकातीचा हिशेब मांडतात. भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही, पण साठलेले भाडे निसाबाइतके होऊन त्यावर चांद्रवर्ष उलटले तर अडीच टक्के द्यावे लागते, हे घरमालकांना ठाऊक असते. त्याच वहीत आणखी एक ओळ लिहावी, ‘कुणाकुणाची अनामत माझ्याकडे आहे, किती आहे आणि ती आज मागितली तर देता येईल का?’ भाडेकरूनेही आपल्या वहीत थकलेले भाडे लिहावे.

इफ्तारच्या वेळी वरच्या मजल्यावरून खाली आणि खालून वर ताटे जातात. पहाटे भांड्यांचा आवाज झाला म्हणून चांगला शेजारी कुरकुर करत नाही, आणि चांगला रोजेदार तो आवाज शक्य तितका कमी ठेवतो. ही शेजारधर्माची वीण अकलूजमध्ये आहेच. तिला दोन साक्षीदारांच्या सह्यांची जोड मिळाली, तर खोली सोडतानाही दोघे एकमेकांच्या डोळ्याला डोळा देऊन ‘ईद मुबारक’ म्हणू शकतील.