शिकारीचे कायदे आणि शिकारीचे कागद

जुन्या दप्तरांचा शोध घेतांना शिकारीसंबंधीं कागद वारंवार हातीं येतात. कोठें वाघ मारल्याबद्दल बक्षीस दिल्याची नोंद असते, कोठें बंदुकीचा व शिकारीचा परवाना, कोठें संस्थानच्या राखीव रानांत शिरूं नये असा हुकूम. राजकीय पत्रव्यवहाराच्या मानानें हे कागद क्षुद्र समजून बाजूस टाकले जातात, किंवा आजच्या समजुतीनें वाचले जाऊन त्यांचा भलताच अर्थ लावला जातो. वाघ मारणें या एकाच कृत्याला सरकारनें प्रथम बक्षीस दिलें, नंतर परवाना दिला आणि शेवटीं तुरुंगवासाची शिक्षा ठरविली. आणि हें सर्व सुमारें शंभर-सव्वाशें वर्षांच्या आंत घडलें. यास्तव शिकारीचा कोणताही कागद ज्या सालचा असेल त्या सालच्या कायद्यानेंच वाचिला पाहिजे. त्याकरितां मुंबई इलाखा व हल्लींचें महाराष्ट्र राज्य यांतील शिकारविषयक कायद्यांची स्थित्यंतरें येथें क्रमानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शिकारीवर राजाज्ञेनें मर्यादा घालण्याची कल्पना इंग्रजांनीं आणिली असा एक समज आहे. तो बरोबर नाहीं. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत अवध्य पशुपक्ष्यांची यादी आहे, गाभण व दुभत्या जनावरांस अभय आहे, आणि ठराविक तिथींस मासे मारूं नयेत व विकूं नयेत असाही निर्बंध आहे. आपल्या प्रांतापुरतें पाहतां, सन १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांस सोपारें येथें जो शिलालेखाचा तुकडा सांपडला तो आठव्या लेखाचा होय. पूर्वींचे राजे मृगया वगैरे करमणुकीसाठीं विहारयात्रेस निघत. त्या सोडून आपण धर्मयात्रा आरंभिल्या असें अशोक त्या लेखांत सांगतो. उलटपक्षीं, बाराव्या शतकांतील चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत मृगया व मत्स्यविनोद हीं राजाच्या करमणुकींचीं स्वतंत्र प्रकरणें आहेत. दोन्ही परंपरा आपल्या येथें शेजारीं शेजारीं नांदल्या.

इंग्रजी अमलाच्या पहिल्या अवस्थेंत सरकारचें लक्ष जनावर राखण्याकडे नव्हतें, रान मोकळें करून लागवड वाढविण्याकडे होतें. वाघ, बिबळे, लांडगे यांच्या नाशाबद्दल जिल्हानिहाय बक्षिसें दिलीं जात. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांतून अशा जनावरांच्या संहाराचे व बक्षिसांच्या रकमांचे उल्लेख आढळतात ते यामुळेंच. या काळचा बक्षिसाचा कागद म्हणजे एखाद्याच्या शौर्याचें प्रशस्तिपत्र नव्हे. तो महसुली कारभाराचा कागद होय.

दुसरी अवस्था कायद्यांची. सन १८७९ च्या सहाव्या कायद्यानें रानहत्तीस संरक्षण मिळालें. जीवाचें, घराचें वा पिकाचें रक्षण करण्याचा प्रसंग सोडून, परवान्यावांचून हत्ती मारणें किंवा धरणें गुन्हा ठरला, आणि परवान्यावांचून मारलेल्या हत्तीचे दांत सरकारजमा होऊं लागले. हें कलम लक्षांत ठेवण्याजोगें आहे, कारण पुढें शंभर वर्षांनीं हेंच तत्त्व सर्व रानटी जनावरांस लागूं झालें. सन १८८७ च्या विसाव्या कायद्यानें नगरपालिका व लष्करी छावण्या यांस, विणीच्या हंगामांत ताजे मारलेले रानपक्षी बाळगण्यास व विकण्यास मनाई करणारे नियम करण्याचा अधिकार दिला. येथें अंकुश बाजारावर आहे, रानावर नाहीं.

सन १९१२ च्या आठव्या कायद्यानें हा अंकुश रानांत नेला. परिशिष्टांत दिलेल्या पशुपक्ष्यांसाठीं प्रांतिक सरकारनें बंदीचा काळ जाहीर करावा आणि त्या काळांत त्यांस धरणें, मारणें, विकणें हा गुन्हा समजावा, अशी त्याची रचना होती. पहिल्या गुन्ह्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड होता. परिशिष्टांत माळढोक, बदकें, मोर, तित्तर, हरिणें, गवे, रानम्हशी, ससे वगैरे आहेत. वाघ, बिबळा व चित्ता नाहींत. म्हणजे ज्याची शिकार पुढच्या वर्षींही मिळावी तें जनावर राखावें, आणि जें त्या शिकारींत वांटेकरी होतें त्यास राखूं नये, असा त्या कायद्याचा आशय दिसतो. सन १९३५ च्या दुरुस्तीनें एखादें क्षेत्रच अभयारण्य म्हणून जाहीर करण्याची तरतूद झाली. त्याच वर्षीं चांद्याकडील ताडोबाच्या रानांत शिकारीस बंदी झाली; सन १९५५ मध्यें तें राष्ट्रीय उद्यान झालें.

वरील कायदे ब्रिटिश हद्दीचे होत. संस्थानांतून दरबारचे स्वतंत्र हुकूम चालत, हें संग्राहकांनीं विसरूं नये. कोल्हापूरच्या छत्रपतींचें दाजीपूरचें राखीव रान सन १९५८ मध्यें अभयारण्य झालें, आणि तें पुढें राधानगरी या नांवानें प्रसिद्ध झालें. राजाच्या शिकारीकरितां राखलेलें रानच पुढें जनावरांकरितां राखलेलें रान व्हावें, हा योगायोग नव्हे. ज्या रानावर कोणाचा तरी कडक हक्क होता तेंच कुऱ्हाडीपासून वांचलें.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यानें सन १९५१ चा चोविसावा कायदा करून रानटी पशुपक्ष्यांच्या संरक्षणाची स्वतःची व्यवस्था उभारली. तथापि तिचाही पाया परवाना हाच होता. खरा पालट सन १९७२ च्या त्रेपन्नाव्या केंद्रीय कायद्यानें झाला. हा विषय तेव्हां घटनेप्रमाणें राज्यांकडे असल्यामुळें राज्यांच्या विधिमंडळांच्या ठरावांवरून संसदेला हा कायदा करावा लागला; महाराष्ट्रानेंही पुढें तो स्वीकारला. सन १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें हा विषय केंद्र व राज्य यांच्या समवर्ती सूचींत गेला. सन १९९१ च्या दुरुस्तीनें शौकाच्या शिकारीचे परवाने मुळांतूनच बंद झाले. सन २०२२ च्या दुरुस्तीनें सहा अनुसूचींच्या जागीं चार आल्या व उपद्रवी प्राण्यांची स्वतंत्र अनुसूची गेली. एखादा प्राणी उपद्रवी ठरविण्याचा केंद्र सरकारचा अधिकार मात्र राहिला आहे.

मत्स्यविषयक कायद्याचा ओघ निराळा आहे. सन १८९७ च्या चौथ्या कायद्यानें सुरुंगाच्या दारूनें व विष कालवून मासे मारण्यास बंदी केली. पुढें मासेमारी हा विषय राज्यांकडेच राहिला. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा सन १९८१ चा असून, यांत्रिक नौका व पारंपरिक कोळी यांच्यांतील झगडा हें त्याचें एक कारण होय. सन २०२१ मध्यें त्यांतील दंडाच्या रकमा पुष्कळ वाढविण्यांत आल्या. पावसाळी बंदी अलीकडे १ जून ते ३१ जुलै अशी असते. परंतु कायद्याच्या कितीतरी आधीं कोळी समाज नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यास ओढून ठेवीत आला आहे. येथें कायदा रूढीच्या मागून आला.

आतां या माहितीचा संशोधकास उपयोग काय तें सांगतों. पहिली गोष्ट, कालनिर्णय. मिती फाटून गेलेल्या कागदांत बंदीच्या काळाचा उल्लेख असल्यास तो बहुधा १९१२ नंतरचा धरण्यास हरकत नाहीं. अभयारण्याचा कायदेशीर उल्लेख असल्यास १९३५ नंतरचा. दुसरी गोष्ट, शब्द. कोंकणांत बिबळ्यासही वाघच म्हणतात. पट्टेदार किंवा ढाण्या असें विशेषण नसल्यास केवळ वाघ या शब्दावरून निष्कर्ष काढूं नये. चित्ता हा शब्दही बिबळ्यास लाविला जातो. शिवाय कोल्हापूर दरबारीं शिकारीसाठीं आफ्रिकेंतून चित्ते आणविले जात. म्हणून दरबारच्या कागदांत चित्ता दिसला एवढ्यावरून तो इकडच्या रानांतला असें ठरत नाहीं.

तिसरी गोष्ट कायद्याची व तांतडीची आहे. जुन्या वाड्यांतून दप्तराबरोबरच कातडीं, शिंगें, वाघनखें व हस्तिदंती वस्तु निघतात. सन १९७२ च्या कायद्यानें अशा वस्तूंची नोंद करून मालकीचा दाखला घेणें आवश्यक केलें. सन २००३ मध्यें नोंद राहून गेलेल्यांस आणखी १८० दिवसांची मुदत मिळाली. त्यानंतर दाखला नसलेल्यास अशी वस्तु वारसाहक्कावांचून संपादितां येत नाहीं, आणि वारसानेंही नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकास कळवावें लागतें. अशा वस्तूची विक्री करतां येत नाहीं. तेव्हां दप्तर विकत घेतांना त्याबरोबर कातडें स्वीकारूं नये. त्याचा जुना परवाना किंवा पत्र असल्यास तें मात्र अवश्य जतन करावें.

चित्ता सन १९५२ मध्यें भारतांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें, आणि सन २०२२ मध्यें परदेशांतून आणून तो कुनोच्या रानांत सोडण्यांत आला. माळढोक आज नामशेष होण्याच्या मार्गावर आहे. अशीं जनावरें कोणत्या तालुक्यांत, कोणत्या सालापर्यंत होतीं हें सांगणारा पुरावा पुष्कळदां बक्षिसाच्या यादींत व परवान्याच्या पाठीवरच असतो. आणि नेमके हेच कागद प्रथम रद्दींत जातात. ज्यांच्या संग्रहीं ते असतील त्यांनीं गांव, साल व जनावराचें नांव या तीन गोष्टी तरी उतरून प्रसिद्ध कराव्यात, अशी आमची विनंति आहे.