तीन गोळ्या, एक टॉवेल आणि ‘ब्लिट्झ’

पंचवीस नव्या पैशांचा अंक दोन रुपयांना! १९५९ साली मुंबईच्या फुटपाथवर ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक असं चढ्या भावानं जायचं. कारण एकच, नानावटी खटला.

२७ एप्रिल १९५९. कमांडर कावस नानावटींनी बायको-मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, ‘आयएनएस म्हैसूर’वर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं आणि पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजाला त्याच्या मलबार हिलच्या फ्लॅटमध्ये गोळ्या घातल्या. मग स्वतःच पोलिसांत हजर झाले!

आहुजा नुकताच आंघोळ करून आलेला, कमरेला टॉवेल. बचाव पक्ष म्हणाला, झटापटीत गोळ्या सुटल्या. मग टॉवेल कसा सुटला नाही? सरकारी पक्षाचा हा सवाल गल्लोगल्ली पोचला आणि फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ अन् खेळण्यातलं ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ विकू लागले.

‘ब्लिट्झ’चे संपादक रुसी करंजिया पारशी, नानावटीही पारशी. आठवड्यामागून आठवडे अंकात एकच चित्र : पांढऱ्या गणवेशातला देखणा देशसेवक आणि त्याचा संसार मोडणारा, मोटारी विकणारा रंगेल श्रीमंत. मेलेल्या माणसाला खुलासा करता येत नाही. मला या प्रकरणात सर्वाधिक खुपतं ते हे. आहुजाच्या बाजूनं सरकारी पक्षाला मदत करत होते तरुण वकील राम जेठमलानी.

ज्यूरीचा कौल आठ विरुद्ध एक, निर्दोष! न्यायाधीश रतिलाल मेहतांना तो पटेना. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे धाडलं. ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप झाली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित केली. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं जन्मठेप कायम केली, पण १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. पुढे नानावटी कुटुंब कॅनडाला गेलं.

या खटल्यानं देशातली ज्यूरी एका फटक्यात बंद झाली, असं सर्रास सांगतात. तसं नाही. काही ठिकाणी ती नंतरही वर्षानुवर्षं चालू होती.

आणि हो, खटला उभा राहिला मुंबई राज्यात. सुप्रीम कोर्टाच्या अंतिम निकालाआधी महाराष्ट्र जन्मला, म्हणून कायद्याच्या पुस्तकात तो ‘नानावटी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’.

या प्रकरणावर बेतलेल्या ‘रुस्तम’मध्ये (२०१६) नायक अर्थातच नौदल अधिकारी. त्या वर्षीच्या कामासाठी अक्षयकुमारला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.