एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?

केकच्या कृतीत 250 ग्रॅम मैदा लिहिलेला असतो आणि घरात वजनकाटा नसतो. मग कपाचा हिशोब आला.

240 मिलिलिटरच्या कपात पाणी 240 ग्रॅम मावतं, साखर 200, पातळ तूप सुमारे 220 आणि मध तब्बल 340. म्हणजे पाव किलो साखर सव्वा कप, तर तेवढाच मैदा दोन कपांहून थोडा जास्त.

खरा लबाड मैदाच! चमच्याने हलकेच भरून वर सुरीची पाठ फिरवली, तर कपात 120 ग्रॅमच्या आसपास. कप डब्यात खुपसून दाबून भरला, तर 150 च्या घरात. चार कपांत शंभरेक ग्रॅमचा फरक पडतो आणि केकचा दगड होतो. साखरही दळली की फुगते, कपभर पिठीसाखर जेमतेम 120 ग्रॅम.

महाराष्ट्रात पूर्वी धान्य मापानेच दिलं-घेतलं जाई: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. भाजणीचं प्रमाण आजही वाटीतच सांगतात, आणि एकच वाटी सगळ्याला वापरली की तिथे भागतं. घोळ होतो तो निम्मं साहित्य वजनाने, निम्मं मापाने घेतल्यावर. त्यात ऑस्ट्रेलियन कप 250 मिलिलिटरचा, अमेरिकी त्याहून लहान. घरातल्या वाटीचा तर भरवसाच नाही. ती एकदा पाणी भरून मोजून घ्यावी.